पाऊण तासाचं शहाणपण

म्हणजे पाऊण तासाचं प्रशिक्षण—आणि तेही अंथरुणात लोळत, मोबाइलवर. चित्रफीत पाहायची, खालच्या चार उत्तरांपैकी एकावर बोट ठेवायचं, की कॉलेज तुम्हाला शहाणं ठरवणार. कुणा मुलीवर प्रसंग ओढवताना दिसला तर नुसतं बघत राहायचं नाही, मध्ये पडायचं—उत्तम. पण मध्ये पडायला माझाच मुलगा सापडला तुला? नाही, उठू नकोस, बस त्या स्टुलावर. कोटाला तेवढा हात लावू नकोस, कच्ची शिलाई आहे. चहा विचारणार नाही. उद्या समितीपुढे माझ्या मुलाविरुद्ध जबाब देणाऱ्या मुलीला चहा पाजण्याइतकं माझं मन मोठं नाही, आणि तसं सोंगही मला आणता येत नाही.

काय घडलं ते मी सांगते, तू ऐक. वाढदिवसाची पार्टी होती. तुझी मैत्रीण प्यायली—त्याने पाजली नाही, ती प्यायली—पाय ठरेनात, म्हणून त्याने तिला आतल्या खोलीत नेऊन निजवलं. दार का लावलं? बाहेर गाण्यांचा गोंगाट होता म्हणून लावलं. कडी का घातली? नसेल राहत ते दार कडीशिवाय, असतात अशी दारं. आणि तू काय केलंस—दार बडवलंस आणि त्याला सांगितलंस, खाली तुझ्या गाडीला कुणीतरी धडक दिली. धादांत खोटं. तो धावत जिने उतरला, गाडीवर ओरखडाही नाही, आणि वर येतो तर तुम्ही दोघी पसार. हे शिकवतात का तुम्हाला? लक्ष दुसरीकडे वळवायचं—असं म्हणतात होय त्याला. मोठाच शोध लावला. अगं, एवढ्याला पाऊण तास कशाला हवा? गेल्या वर्षी माझी भाची शिकायला होती इथे, वरच्या माळ्यावर अभ्यासाला बसायची, आणि हा वर गेला की मी खालून हाक मारत असे—मशीनचा पट्टा निसटलाय, ये लवकर. पट्टा कुठला निसटतोय रोज रोज, पण यायचा खाली, मग मी त्याला गुंड्या आणायला पिटाळायचे आणि तिला सांगायचे, कडी लाव आतून—मला कोणत्या कॉलेजने शिकवलं होतं—

अशी काय बघतेस?

भाचीचा इथे काही संबंध नाही. ती आपणहून गेली, परीक्षेच्या तोंडावर. दुसरीकडे खोली मिळाली तिला, जवळ पडते म्हणाली—म्हणजे ती नाही म्हणाली, ती आलीच नाही, सामान न्यायला माझा भाऊ आला होता. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने. भावाबहिणींत होतात कुरबुरी, त्यातून तू भलतं काही काढू नकोस.

तिचा नंबर? नाही माझ्याकडे. असता तरी दिला नसता.

आणि हे उद्या तिथे बोलणार असशील तर—बोल. मी म्हणेन, ही मुलगी माझ्या दुकानात कधी आलीच नाही. आई आहे मी त्याची. माझं ऐकतील ते.

ऊठ आता. शटर ओढायचं आहे मला. हो, भरदुपारी.