नऊ वाजून चार मिनिटं

दातांच्या दवाखान्यात आजी नंबर लागायची वाट पाहत होत्या. शेजारी दोघं बसली होती, डेटाबेसचं काम करणारी. त्याची दाढ ठणकत होती, म्हणून तो कामावर गेला नव्हता. ती ऑफिसातून थेट त्याच्या सोबतीला आली होती.

“हरवलेली माणसं शोधायचं आपलं सॉफ्टवेअर सुरू झालं का गं अखेर?”

“झालं की! सकाळी नऊला. आणि नऊ वाजून चार मिनिटांनी पहिली जुळणी.”

“चाचणीच्या खोट्या नोंदी राहिल्या असतील आत.”

“मलाही तेच वाटलं. तीनदा तपासलं. इस्पितळातली, नाव न सांगता येणारी बाई आणि एकीने बहीण हरवल्याची दिलेली तक्रार. दोन्हीकडे डाव्या हाताला सहा बोटं. सहा वर्षं झाली रे!”

“लांब कुठेतरी सापडली असेल.”

“याच शहरात. फक्त डेटाबेस दोन होते, इस्पितळाचा वेगळा, तक्रारींचा वेगळा.”

“बाप रे!”

“बहिणीला फोन मीच केला. सापडली म्हणून सांगितलं. तर म्हणाली, ‘जेवते का नीट?’”

“तू काय सांगितलंस?”

“तसा रकानाच नाही आपल्याकडे. म्हटलं, थांबा, इस्पितळात विचारते. जेवते म्हणाले.”

“अंगावर काटा आला बघ.”

आजींना राहवलं नाही. “पोचली का गं बहीण तिच्याकडे?”

“निघालीय, आजी. पोचेलच एवढ्यात.”