कोरा चेहरा

—ती पाटी वाचू नका ताई, काढायची राहिलीय. डावीकडे ‘पारंपरिक’ लिहिलंय ते बरोबर आहे, ती चामड्याची बाहुली बाबांची. उजवीकडे ‘समकालीन’ लिहिलंय ना, ते कालपर्यंत खरं होतं. आता बघा — आहे काही फरक? माझं कला-कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं सगळं काम त्या फरकावर उभं होतं, आणि तोच उरला नाही.

वर्तमानपत्रातून ना तुम्ही? आमचे सर म्हणाले. मग कालचं ऐकूनच आला असाल — बाबा आले, उजवीकडची ती अर्धी बाहुली भिंतीवरून उतरवली, झोळीतनं छिन्नी काढून इथेच फरशीवर बसले. लोकांना वाटलं, हाही प्रदर्शनाचाच भाग. रखवालदारानंसुद्धा अडवलं नाही. टाळ्या पडल्या ताई, टाळ्या! हांदोको सर म्हणतात, ‘वेनिंग, कमाल केलीस, परंपरेलाच आत बोलावलंस! जकार्त्याच्या प्रदर्शनातही हेच करू — तू अर्धवट बाहुल्या टांग, वडील येऊन पुऱ्या करतील.’ मी कुठं बोलावलं होतं? म्हणजे बोलावलं होतं — बघायला. फक्त बघायला.

अर्धी का ठेवली? लिहिलंय की तिथे — जुनी कला काम पुरं करते, नवी ते उघडं सोडते. तेच लिहा, चांगलं वाटतं. आमच्या जोग्याकार्ताकडे चेहरा सगळ्यात शेवटी कोरतात, अंगभर नक्षी झाली की मग. म्हणून अंग पुरं आणि चेहरा कोरा — छे, अंग मी नाही कोरलं. माझा हात कुठला एवढा बारीक चालतोय! दादानं कोरलं. जत्मिको, माझा मोठा भाऊ. चेहरा उद्या करतो म्हणाला, मोटारसायकल काढली, आणि त्या वळणावर ट्रक... हे नका लिहू हं. लिहिलंत? खोडा. खोडा ना ताई, पाया पडते. सरांना वाटतं, विचार माझा आहे. विचार कसला डोंबलाचा — चेहरा कोरा होता तोवर दादाचं काम चालू होतं, एवढंच. आणि आता? चामड्यात पडलेलं भोक बुजतं का कधी?

बाबांनी ओळखलं का? न ओळखायला काय झालं! छिन्नी धरायला त्यांनीच शिकवलं त्याला. खांद्यावरच्या नक्षीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘पोराला असं तोंडाविना टांगून ठेवतात का गं?’ मी थांबा म्हणायला हवं होतं. शेवटचा डोळा कोरला तेव्हा ते रडत होते, आणि लोक फोटो काढत होते.

आज बाबा ती घरी न्यायला येतायत. आणि सर म्हणतात, द्यायची नाही, दिलीस तर जकार्ता विसर, कदाचित ही परीक्षाही. रात्रभर हेच — कुणाला नाही म्हणू? तुम्ही सांगा. तुम्ही काय सांगणार!

आलेच बघा दारात. चपला काढतायत. तो खिळा जरा — नको, मीच काढते. निघाली बाहुली. कॅमेरा ठेवा. ठेवा म्हटलं ना! फोटो नाही, काही नाही, प्रदर्शन बंद आहे, जा तुम्ही!

—या बाबा. घ्या, दोन्ही हातांनी धरा.