दुधाचा हात

पॅटिसवर दुधाचा हात फिरवून सासूबाईंना मिळणार होती ती नुसती चकाकी. भट्टीतून ट्रे निघाला आणि सुनेने तो काउंटरवरच अडवला.

"आई, याला दूध लावलंत?"

"जरासं, वरून. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला."

"बाहेर पाटी आहे, दूध-लोणी नाही म्हणून."

"आत गाजर-वाटाणाच आहे ना? पीठही तेलातलं. कुणाला कळतंय!"

"ज्याचा घसा दुधाने सुजतो, त्याला कळेल."

"हळू बोल, रांग ऐकतेय."

"ऐकू दे! मंडळी, या ट्रेला दूध लागलंय, हा विकणार नाही. दुसरा निघायला तास लागेल."

"अगं, चालले ना सगळे!"

"जाऊ देत."

नऊ गिऱ्हाइकं गेली. थांबलेल्या दोघांसाठी किलोभर गाजरं मात्र सासूबाईंना नव्याने किसावी लागली.