वर्तुळाचं अंडं

डोळ्यांत थेंब घालून घेतले की माणसाचे कान लांब होतात. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई दवाखान्यात डोळे मिटून बसल्या होत्या आणि शेजारच्या बाकावर दोन साडू बोलत होते. दोघेही कॉम्प्युटरवाले.

"डोळ्यांना काय झालं हो तुमच्या?"

"स्क्रीनवर वर्तुळ काढलं की अंडं दिसतं, साडूभाऊ."

"उभं की आडवं?"

"उभं."

"काढता कशानं?"

"माझ्याच लायब्ररीनं. चित्रं काढायचे तयार प्रोग्रॅम हो; रेषा, वर्तुळं, रंग भरणं, सगळं एका फ्लॉपीत. सहा महिने घाम गाळलाय!"

"सहा महिने? म्हणजे आमच्याकडे जेवायला आला होतात, तेव्हापासूनच."

"असेल. त्याचं काय?"

"काही नाही. जेवून माझ्या खोलीत लवंडला होतात. माझ्या फ्लॉप्या टेबलावरच होत्या."

"मी गाढ झोपलो होतो!"

"झोपला असाल. पण माझा घरचा मॉनिटर गेल्या वर्षी खाली पडला ना, तेव्हापासून त्यावर सगळं चेपलेलं दिसतं. म्हणून माझ्या लायब्ररीत मी वर्तुळ मुद्दाम उभट काढायला लावलंय. त्या एका मॉनिटरवर ते गोल दिसतं."

"आणि बाकीच्यांवर?"

"अंडं."

बाक करकरलं.

"योगायोग असेल, साडूभाऊ."

"असेलही. तुमचा नंबर पुकारताहेत. जा, दाखवून या. देव करो आणि डोळे बिघडलेलेच निघोत!"