जसुबेनची डाळ

डाळीत गूळ हवा की नको, हे मला विचारू नका, आमच्या आप्पांना विचारा.

आप्पा पक्के धुळ्याचे. गुजराती मुलखातल्या नरोलीत माझ्याकडे राहायला आले आणि टायफॉइडने आडवे झाले. डॉक्टर म्हणाले, पातळ आणि बिनतिखटाचं द्या. हे कानावर पडताच आमच्या घरमालकीण जसुबेन रोज दुपारी वाटीभर डाळ आणू लागल्या. गुजराती डाळ, गूळ घातलेली! एरवी भाजी जराशी गोड लागली तरी आप्पा ताटावरून उठायचे. आता मुकाट्याने पीत होते. खरं सांगतो, तापापेक्षा मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटत होती.

जसुबेन मात्र खूश. "काकांना माझी डाळ बहु आवडते!" असं म्हणत त्या रोज गूळ वाढवत गेल्या.

आठव्या दिवशी आप्पांनी वाटी आपटली. "ही डाळ आहे की पाक? मला बरं करताय की माझा मुरंबा घालताय?"

आणि जसुबेन दारातच उभ्या! मी मान खाली घातली. त्यांनी तिथूनच माझ्या बायकोला हाक मारली, "वहू, चहा ठेव! काका भांडले! हवे सारा थई गया, आता काका बरे झाले!" बायको हसता हसता रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी बिनगुळाची डाळ आली. आप्पांनी एक घोट घेतला, दाराकडे बघितलं आणि हळूच मला म्हणाले, "आज काहीतरी राहिलंय रे हिच्यात."