भिंतीवरचं कार्ड

सत्त्याण्णव साली ठाण्यात महापालिकेच्या मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे चेंदणी कोळीवाड्यातल्या दोघी होत्या, म्हाताऱ्या ठमाबाई आणि त्यांच्या शेजारची शकू.

"मावशे, फोटोचं कार्ड आणलंस ना?"

"घरी भिंतीवर हाय."

"भिंतीवर कशाला?"

"नाव माझं हाय, पण फोटो चुकून आमच्या म्हाताऱ्याचा लागलाय."

"मग बदलून घ्यायचं."

"घेणारच होते. तवर म्हातारा गेला. त्याचा दुसरा फोटोच नाय. मग तेच कार्ड फ्रेम केलं, हार घातला."

"आता आत काय दाखवशील?"

"सुनेला फ्रेम आणायला धाडलीय."

"हारासकट?"

"नाय गं. हार काढून आण म्हटलं. मत द्यायचं तर माणूस जिता दिसायला पायजे."