दीड दिवसाची शोकेस-सेवा

अरे यार, चहा राहू दे, आधी आमच्या शोकेसचं ऐक! माझ्या छोट्या गाड्यांच्या कलेक्शनसाठी काचेचं शोकेस आणलं, सगळे भाग सुटे. इथे दिल्लीत, द्वारकाच्या नव्या फ्लॅटमध्ये मी आणि बाबांनी ते जोडलं. गाड्या मांडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "उद्या चतुर्थी. यंदा मखर नको, बाप्पा यातच बसवू. दीड दिवसाचा तर प्रश्न आहे."

सकाळी प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली आणि सतरंजीखाली चार स्क्रू सापडले. मी शोकेसला नुसतं बोट लावलं, तर ते चक्क डुललं!

"हे तळाचे आहेत," बाबा हळूच म्हणाले. "आडवं केल्याशिवाय बसणार नाहीत."

"मग बाप्पाला काढू ना पटकन!"

"उत्तरपूजेआधी मूर्ती हलवायची नाही," आई म्हणाली. "तू धर."

मग काय, मी आणि बाबा आळीपाळीने शोकेस धरून उभे! संध्याकाळी समोरच्या मल्होत्रा आंटी दर्शनाला आल्या. "बेटा, ऐसे पकड़ के क्यों खड़े हो?"

बाबांनी डोळे वटारले. इंजिनिअर माणूस, सोसायटीत इज्जत आहे यार! मी म्हटलं, "आंटी, हमारे यहाँ ऐसे ही सेवा करते हैं।"

आंटींनी दुपट्टा डोक्यावर घेतला. "अच्छा? तू हट, अब मैं करूँगी।"

तासभर धरून उभ्या होत्या, डोळे मिटून! आणि जाताना आईला म्हणाल्या, "अगले साल मेरी किटीवालियाँ भी सेवा करेंगी।"

आता आई म्हणते, जाऊन खरं सांग. बाबा म्हणतात, खबरदार. तू असतास तर काय केलं असतंस?